पहिलाच परदेश प्रवास : वसंतातला जपान, पाच आठवडे. मार्गाबद्दल सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ | १२ ऑक्टोबर २०२५

सर्वांना नमस्कार. येत्या ३१ डिसेंबरला मी एकतीस वर्षांच्या शिक्षकी पेशातून निवृत्त होत आहे. यजमानांना निवृत्त होऊन तीन वर्षे झाली. आम्ही दोघेही आजवर देशाबाहेर कधी गेलेलो नाही. भूगोल शिकवताना होक्काइदो, होन्शू, शिकोकू आणि क्युशू ही चार बेटे मी फळ्यावर खडूने इतक्या वेळा काढली आहेत की आता ती एकदा पायाखालून जावीत, अशी फार इच्छा आहे. प्रवासी कंपन्यांच्या सहली आठ-नऊ दिवसांच्या असतात आणि त्यात रोज सकाळी सात वाजता बसमध्ये बसायचे असते. यजमानांच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही आणि माझ्या मनालाही ते पटत नाही. म्हणून १९ मार्चचा पाडवा घरी करून २५ मार्चला मुंबईहून निघावे आणि एप्रिलअखेर परतावे, असे ठरवले आहे.

मी केलेला कच्चा आराखडा असा आहे : टोकियोत दहा दिवस, नंतर हाकोने, कानाझावा, ताकायामा, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा, नागासाकी, कागोशिमा आणि परत टोकियो. दोघांचा मिळून विमानासकट खर्च आठ लाखांच्या आत राहावा. आम्ही शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. यजमानांना मधुमेह असून ते रात्री इन्सुलिन घेतात आणि दिवसा गोळ्या. साकुरा, म्हणजे चेरीच्या झाडांचा बहर, पाहणे हा या प्रवासाचा मुख्य हेतू आहे. या आराखड्यात काय चुकते आहे, हे जाणकारांनी स्पष्ट सांगावे. आम्हाला वाईट वाटेल याची काळजी करू नये.

घारापुरी | १२ ऑक्टोबर २०२५

ताई, आपण स्पष्ट सांगायला सांगितले आहे, म्हणून आधी माझाच अनुभव लिहितो. २०२३ साली आम्ही टोकियोचे विमान ५ एप्रिलचे काढले, कारण ज्या प्रवासी संस्थेकडून तिकिटे घेतली तिने 'एप्रिलचा पहिला आठवडा म्हणजे साकुरा' असे छातीठोकपणे सांगितले होते. त्या वर्षी टोकियोत फुलोरा १४ मार्चलाच जाहीर झाला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा उएनोच्या बागेत झाडांना कोवळी हिरवी पाने आलेली होती आणि पाकळ्या गटारांच्या जाळ्यांवर तपकिरी होऊन पडल्या होत्या. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, तोच फुलोरा २९ मार्चला जाहीर झाला. दोन लागोपाठच्या वर्षांत पंधरा दिवसांचा फरक पडतो. बहर जाहीर झाल्यापासून पूर्ण फुलायला आठवडाभर आणि गळायला त्यानंतर आणखी आठवडा, एवढेच त्याचे आयुष्य. त्यात जोराचा पाऊस आला तर तेही कमी होते. एका शहराची एक तारीख धरून साकुरासाठी जाऊ नये, एवढे मी त्या सहलीतून शिकलो. आपल्याकडे पाच आठवडे आहेत, हे आपले मोठे भाग्य आहे. त्याचा उपयोग कसा करावा हे जपानमध्ये राहणारे सांगतील.

निशिकासाई | १३ ऑक्टोबर २०२५

कृष्णाकाठताई, मी गेली चौदा वर्षे टोकियोच्या एदोगावा भागात राहते. येथे भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. २०१९ साली याच एदोगावाच्या नगरसभेवर मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते, हे आपण वाचले असेलच.

आपल्या आराखड्यात शहरे चुकीची नाहीत, दिशा चुकली आहे. टोकियो हे विमानतळाचे शहर म्हणून सगळे तेथून सुरुवात करतात आणि मग बहराच्या मागे धावत राहतात. आपण भूगोल शिकवला आहे, म्हणून थोडे खोलात जाऊन लिहिते.

येथे जी झाडे लाखोंनी लावलेली आहेत ती बहुतेक 'सोमेई योशिनो' या एकाच जातीची आहेत आणि ती बियांपासून वाढवत नाहीत, कलमे करतात. म्हणजे जनुकीयदृष्ट्या ती जणू एकच झाड आहेत. म्हणूनच एका गावातली सगळी झाडे एकदम फुलतात आणि एकदम गळतात. हवामान खाते प्रत्येक ठिकाणी एक ठरावीक नमुना-झाड पाहते. टोकियोचे झाड यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे खात्याचा माणूस येतो, मान वर करून फांद्या निरखतो, मागे पंचवीस-तीस कॅमेरे श्वास रोखून उभे असतात. पाच-सहा फुले उमललेली दिसली की तो फुलोरा जाहीर करतो. ऐंशी टक्के फुले उमलली की पूर्ण बहर. १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीने टोकियोचा फुलोरा २४ मार्चला, क्योतोचा २६ मार्चला, आओमोरीचा २२ एप्रिलला आणि साप्पोरोचा १ मे रोजी येतो. म्हणजे बहराची रेषा दक्षिणेकडून उत्तरेकडे महिनाभर चढत जाते. आपला प्रवासही साधारण तेवढ्याच काळाचा आहे. त्या रेषेबरोबर आपणही वर सरकावे. एखाद्या गावी चार दिवस उशीर झाला तरी पुढचे गाव आपली वाट पाहत असते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. विमान ओसाकाजवळच्या कानसाई विमानतळावर उतरणारे आणि टोकियोहून परतणारे घ्या. जाण्यायेण्याचे तिकीट एकत्र काढले तर दोन वेगळी विमानतळे घेतल्याने किंमत फारशी वाढत नाही. पहिले दोन दिवस ओसाकात फक्त विश्रांती. २८ मार्चपासून चार रात्री हिरोशिमा, म्हणजे मियाजिमा बेट आणि इवाकुनीचा लाकडी कमानींचा किंताइक्यो पूल निवांत होईल. मग ३ ते १४ एप्रिल क्योतो, तेथूनच नारा आणि योशिनो डोंगर दिवसभरात करता येतात. योशिनोत सुमारे तीस हजार झाडे आहेत आणि ती बहुतेक रानसाकुराची आहेत. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत बहर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे पायथ्याचे हुकले तरी वरचे मिळते. १५ एप्रिलच्या सुमारास टोकियोत एक रात्र थांबून थेट उत्तरेला, काकुनोदाते आणि हिरोसाकी. शेवटचे चार-पाच दिवस टोकियो. परतीचे विमान २८ एप्रिलपर्यंत घ्याच. २९ एप्रिलपासून येथे 'गोल्डन वीक'च्या सुट्ट्या सुरू होतात, त्या ५ मेपर्यंत चालतात आणि त्या काळात गाड्या, हॉटेले, स्थानके सगळे भरून वाहते.

हाकोने, कानाझावा, ताकायामा, नागासाकी आणि कागोशिमा मी काढून टाकले आहेत. ताकायामाचा वसंतोत्सव १४ आणि १५ एप्रिलला असतो, तो सुंदर असतो, पण त्या दोन रात्रींची खोली आतापासूनच मिळणे अवघड आहे आणि गर्दीत तासन्‌तास उभे राहावे लागते. गुडघ्यांचा विचार करता मी तो मोह टाळला असता.

हिशेबनीस | १३ ऑक्टोबर २०२५

निशिकासाईताईंचा मार्ग उत्तम आहे. त्यात पैशांचा मुद्दा जोडतो. पूर्वी परदेशी पाहुण्यांसाठी असलेला सात दिवसांचा रेल्वे पास २९,६५० येनला मिळत असे आणि तो डोळे झाकून घ्यावा असे सगळे सांगत. ऑक्टोबर २०२३ पासून त्याची किंमत ५०,००० येन झाली. चौदा दिवसांचा ८०,००० आणि एकवीस दिवसांचा एक लाख येन आहे. वर सुचवलेल्या मार्गावर लांब पल्ल्याची सगळी तिकिटे सुटी काढली तर मी केलेल्या बेरजेप्रमाणे माणशी ७५ हजार येनच्या आसपास येते, आणि ती चार आठवड्यांत पसरलेली आहेत. म्हणजे पास घेण्यात तोटाच आहे. जुने लेख वाचून पास घेऊ नका. बुलेट गाडीत राखीव जागा प्रवासाच्या एक महिना आधी खुल्या होतात. शहरांत फिरण्यासाठी ओसाकात उतरल्यावर इकोका हे आगाऊ पैसे भरून वापरायचे कार्ड घ्या. तेच टोकियोतही चालते आणि दुकानातही.

मला फक्त एक शंका आहे. हिरोसाकीसारख्या छोट्या गावासाठी टोकियोहून सुमारे अठरा हजार येन जायला आणि तेवढेच यायला खर्च करावेत का? त्या पैशांत क्योतोतच आणखी चांगले हॉटेल मिळेल.

सिंहगडरस्ता | १४ ऑक्टोबर २०२५

ताईंच्या मार्गात हिरोशिमा आणि क्योतो यांच्या मध्ये ओकायामा आहे, बुलेट गाडी तेथे थांबते. तेथे दोन रात्री अवश्य थांबा. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेले आहे. माझे बालपण त्या रस्त्यावर गेले आणि निवृत्तीनंतर मी मूळ बाग पाहायला गेलो. तेथील सरदार इकेदा त्सुनामासा याने ती १६८७ मध्ये सुरू केली आणि १७०० मध्ये ती पूर्ण झाली. पुण्याच्या बागेत पाण्याचा जो वळणदार प्रवाह आहे तो तेथे पाहताना मला पायऱ्यासुद्धा ओळखीच्या वाटल्या. पण एक गोष्ट पुण्यात नाही. तेथे नदीपलीकडचा काळा किल्ला हिरवळीच्या वर उभा दिसतो, जणू तोही बागेतच लावला आहे. दुसऱ्याच्या मालकीचे दृश्य आपल्या बागेत सामावून घेण्याची ही रीत तेथे मुद्दाम जोपासलेली आहे. मी बाकावर दोन तास बसून होतो.

मात्रा | १४ ऑक्टोबर २०२५

मी औषधविक्रेती आहे. या धाग्यावर अजून कोणी औषधांबद्दल लिहिलेले नाही आणि माझ्या मते आपल्या प्रवासात सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे स्वतःच्या वापरासाठी नेता येतात, परंतु एक महिन्याला पुरेल इतकीच. इन्सुलिनची पेने आणि सुया यांनाही हीच मर्यादा आहे. आपला मुक्काम चौतीस दिवसांचा आहे, शिवाय विमान चुकले किंवा पेन पडून फुटले तर जास्तीचा साठा हवाच. एक महिन्याहून अधिक औषधे न्यायची असतील तर जपानच्या आरोग्य खात्याकडून 'युन्यू काकुनिन-शो' नावाचे प्रमाणपत्र प्रवासाआधी घ्यावे लागते. पूर्वी त्याला 'याक्कान शोमेई' म्हणत, म्हणून जुन्या माहितीत ते नाव दिसेल. आपण कानसाईला उतरणार असाल तर त्या खात्याच्या किंकी (ओसाका परिसर) विभागीय कार्यालयाकडे अर्ज करा. अर्जात औषधाचे मूळ नाव, मात्रा, एकूण संख्या आणि विमानाचा तपशील लागतो, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागते. आपल्याकडे डॉक्टर कंपनीचे नाव लिहितात. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव इंग्रजीत, टंकलिखित लिहून घ्या. तिकीट निश्चित झाले की लगेच अर्ज करा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

दुसरी गोष्ट, जाण्यापूर्वी घरातली सर्दी-खोकल्याची औषधे उलटसुलट करून पाहा. स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेली औषधे जपानमध्ये नेण्यास बंदी आहे आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही कडक निर्बंध आहेत. शेजारच्यांनी प्रेमाने दिलेली बाटली पिशवीत टाकू नका. प्रत्येक औषध त्याच्या मूळ वेष्टनातच ठेवा. आठवड्याच्या खणांच्या डबीत गोळ्या काढून नेल्या तर त्या कशाच्या आहेत हे विमानतळावर सिद्ध करता येत नाही.

इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नसते. जपानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणून रात्रीची मात्रा पहिल्या दोन दिवशी कोणत्या वेळी घ्यायची हे आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. दिवसाला पंधरा-सोळा हजार पावले चालणे सुरू झाले की साखर घरच्यापेक्षा खाली जाऊ शकते. यजमानांच्या खिशात साखरेच्या पुड्या असाव्यात, आपल्या पर्समध्ये नव्हे. दोघांची गर्दीत चुकामूक झाली तर त्या त्यांच्याजवळ असायला हव्यात.

कृष्णाकाठ | १६ ऑक्टोबर २०२५

आपण सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. मात्राताई, हे प्रमाणपत्र कोणीच सांगितले नसते. चिठ्ठी मी याच आठवड्यात लिहून घेते.

निशिकासाईताई, मार्ग उलटा करण्याची कल्पना वाचताच पटली. एक शंका मात्र शिक्षिकेची आहे. रेषा दक्षिणेकडूनच चढत असेल तर क्युशूच्या दक्षिण टोकाला, कागोशिमाला, बहर सर्वांत आधी यायला हवा. मग सुरुवात तेथून का करू नये? आणि यजमानांचा प्रश्न असा आहे की पाच आठवडे आम्ही जेवणार काय.

निशिकासाई | १६ ऑक्टोबर २०२५

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. कागोशिमाचा सरासरी फुलोरा २६ मार्चला येतो आणि त्याच्या उत्तरेला असलेल्या फुकुओकाचा २२ मार्चला. कारण असे की साकुराची कळी उन्हाळ्यातच तयार होते आणि मग झोपी जाते. तिला जागे करायला हिवाळ्याची पुरेशी थंडी लागते. थंडीने ती जागी झाली की मग उबेने फुलते. कागोशिमाचा हिवाळा इतका सौम्य आहे की कळीची झोप नीट मोडत नाही, म्हणून तेथे उशीर होतो. टोकियोत लोक एक ढोबळ हिशेब करतात : १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत जायची, ती ६०० अंशांवर पोहोचली की फुलोरा येतो. आपणही घरी बसून रोज ही बेरीज मांडू शकाल.

क्योतोच्या बहराच्या नोंदी तर दरबाऱ्यांच्या रोजनिशींमधून इ. स. ८१२ पर्यंत मागे जातात. त्या बाराशे वर्षांत २०२१ चा पूर्ण बहर, २६ मार्चचा, तोवरचा सर्वांत लवकरचा ठरला. म्हणून तारखा थोड्या आधीच्या धराव्यात असे मी सगळ्यांना सांगते. हिरोसाकीतही अलीकडच्या काही वर्षांत एप्रिलच्या मध्यालाच फुले येऊ लागली आहेत, त्यामुळे १६ ते २३ एप्रिल हा आठवडा योग्य आहे.

हिशेबनीसांच्या शंकेचे उत्तर देते, कारण हिरोसाकीबद्दल मला फार जिव्हाळा आहे. तो सफरचंदांचा मुलूख आहे. जपानीत अशी म्हण आहे की साकुराची फांदी छाटतो तो मूर्ख, कारण कापलेल्या जागी झाड कुजते. हिरोसाकीच्या माळ्यांनी मात्र सफरचंदाची छाटणी साकुरावर करून पाहिली आणि झाडे नव्या जोमाने फुटली. सोमेई योशिनोचे आयुष्य साधारण साठ-सत्तर वर्षे समजतात, आणि तेथे १८८२ साली लावलेले झाड आजही फुलते. किल्ल्याच्या बागेत सुमारे २,६०० झाडे आहेत आणि एकेका कळीतून इतरत्र येतात त्यापेक्षा जास्त फुले येतात. मी गेले तेव्हा बहर संपत आला होता, त्यामुळे जरा खट्टू होते. सकाळी सहा वाजता बाहेरच्या खंदकाच्या काठी गेले तर पाणी दिसतच नव्हते. काठापासून काठापर्यंत फिकट गुलाबी पाकळ्यांचा थर, आणि त्यातून एक बदक पोहत गेले तेव्हा त्याच्या मागे काळ्या पाण्याची एक रेघ उघडली आणि हळूहळू पुन्हा मिटली. याला 'हाना-इकादा' म्हणतात, फुलांचा तराफा. म्हणजे तेथे बहर हुकला तरी हे मिळते. छत्तीस हजार येन त्यासाठी जास्त आहेत असे मला वाटत नाही.

हिशेबनीस | १७ ऑक्टोबर २०२५

माझी शंका मागे घेतो. क्योतोबद्दल मात्र एक लक्षात ठेवा : तेथील मुक्काम कर १ मार्च २०२६ पासून वाढतो आहे, म्हणून हॉटेलच्या भाड्यात तो धरलेला आहे का ते पाहून घ्या. क्योतोची अकरा रात्रींची जागा याच महिन्यात ठेवा, आणि रद्द करता येईल अशीच घ्या.

देवराई | १८ ऑक्टोबर २०२५

जेवणाबद्दल लिहितो, कारण आम्ही पती-पत्नी शुद्ध शाकाहारी असून दोनदा जपानला राहून आलो आहोत.

अडचण मांसाची नसते, ते ताटात दिसते. अडचण 'दाशी'ची असते. हा पाण्यासारखा पातळ अर्क असतो आणि बहुतेक ठिकाणी तो वाळवलेल्या बोनितो माशाचा केलेला असतो. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांत तो असतो. आपण 'मांस नको' म्हटले तर समोरचा माणूस प्रामाणिकपणे मान डोलावतो आणि दाशी घातलेली भाजी आणून ठेवतो, कारण त्याच्या मते ते मांस नसते. 'निकु तो साकाना वा ताबेमासेन', म्हणजे मांस आणि मासे खात नाही, हे वाक्य पाठ करा. दाशी, अंडे यांचाही उल्लेख असलेला एक कागद जपानी लिपीत छापून जवळ ठेवा, म्हणजे दुकानदार तो शांतपणे वाचून होय किंवा नाही सांगतो. नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, तो आपल्याला फसवत नाही हेच मोठे आहे.

क्योतोत अकरा रात्री राहणार आहात, तर छोटे स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तांदूळ, साधे दही, टोफू, कोबी, पालक, गाजर, बटाटे सगळीकडे मिळतात. सकाळी वरणभात खाऊन निघाले की दिवसभर शोधाशोध करावी लागत नाही, आणि मधुमेहाला वेळेवर जेवण लागते. घरून मेतकूट, गोडा मसाला न्या, विमानतळावरच्या घोषणापत्रात लिहा. ताजी फळे, भाज्या आणि कच्च्या डाळी मात्र प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. एप्रिल आहे म्हणून कोणाकडे हापूसची पेटी न्यावी, असे वाटेल. तो विचार सोडून द्या. कढीपत्त्याची ताजी डहाळीसुद्धा नको.

आणि क्योतोच्या दिवसांतून दोन रात्री काढून कोयासानला जा. ओसाकाच्या नांबा स्थानकातून गाडी सुटते, शेवटी डोंगरावर केबल रेल्वे चढते. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने तेथे शिंगोन पंथाचे पीठ उभारले. तेथे देवळांतच मुक्काम असतो आणि जेवण 'शोजिन रयोरी'चे, म्हणजे मांस, मासे तर नाहीतच, पण कांदा-लसूणही नाही. तिळाचा टोफू, कोंबू या समुद्री शेवाळाच्या अर्कातली भाजी, लोणचे, भात. पाच आठवड्यांत तेथेच तुम्ही कोणताही प्रश्न न विचारता समोर येईल ते खाल. सायंकाळचे जेवण साडेपाच-सहाला येते, तेव्हा इन्सुलिनची वेळ त्याप्रमाणे बघा. पहाटे काही देवळांत 'गोमा' होतो. आपल्या 'होम' या शब्दाचेच ते जपानी रूप आहे. मी अंधाऱ्या गाभाऱ्यात मांडी घालून बसलो होतो, भिक्षू समिधा टाकत होता, ज्वाला चढली आणि मंत्र कानावर आले. उच्चार बदललेले होते, पण संस्कृतचा ठेका ओळखू येत होता. आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी आले. बाहेर ओकुनोइनच्या स्मशानात उंच सिडार वृक्षांखाली दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी दगडांवर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरे कोरलेली आहेत. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. तेथेही जाऊन या.

निशिकासाई | १९ ऑक्टोबर २०२५

देवराईकाकांनी लिहिलेल्या कोयासानबद्दल एवढेच जोडते की ते सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे आणि एप्रिलमध्येही तेथे रात्री कडक थंडी असते. एकूणच वसंत म्हणजे ऊब, असे धरू नका. बहराच्या दिवसांत अचानक गारठा परततो, त्याला येथे 'हानाबिए' असा शब्दच आहे. एक जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे तीन पातळ थर न्या. दुसरे असे की फेब्रुवारी ते एप्रिल येथे सुगी वृक्षाच्या परागकणांचा त्रास अर्ध्या शहराला होतो. आपल्यापैकी कोणाला दम्याची तक्रार असेल तर डॉक्टरांना सांगून ठेवा.

सामान कमी न्या. बुलेट गाडीत लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त असलेल्या पेटीसाठी ओसाका-टोकियो मार्गावर वेगळ्या जागेचे आरक्षण लागते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे मोठी पेटी एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात 'ताकुहाइबिन'ने पाठवायची. स्वागतकक्षात अर्ज भरून दिला की दुसऱ्या दिवशी पेटी पुढे पोहोचलेली असते. उत्तरेकडे एखादा दिवस जास्त लागतो. आपण फक्त खांद्यावरची पिशवी आणि इन्सुलिन घेऊन चालायचे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी यासारखी दुसरी सोय नाही. स्थानकांत उद्वाहन असते, पण ते एखाद्याच दाराला असते, त्यामुळे दहा मिनिटे हातात ठेवा.

टोकियोच्या शेवटच्या दिवसांत साकुरा संपलेला असेल. त्या दिवसांत नेझू देवळाची अझेलिया आणि कामेइदो तेन्जिनची जांभळी विस्टेरिया फुललेली असते. आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन म्हणून एक छोटे देऊळ आहे, तेथील कांगितेन म्हणजे आपला गणपतीच. त्याला मुळा वाहतात. आपण दोघे आलात की मी स्वतः तेथे घेऊन जाईन.

कृष्णाकाठ | २४ जानेवारी २०२६

थोडा उशीर झाला, क्षमा असावी. निवृत्तीचा समारंभ झाला. तिकिटे ठरल्याप्रमाणे झाली आहेत : २५ मार्चला रात्री मुंबई, २६ ला कानसाई, २८ एप्रिलला टोकियोहून परत. एकदाच प्रवेश देणाऱ्या जपानी व्हिसाची मुदत मिळाल्यापासून तीन महिने असते, हे कळल्यामुळे आम्ही घाई न करता याच महिन्यात अर्ज केला. प्रत्येक दिवसाचा मुक्काम लिहिलेला तक्ता, बँकेची विवरणपत्रे आणि प्राप्तिकराची विवरणे लागली. आता हा व्हिसा पारपत्रावर चिकटवत नाहीत, तो मोबाइलवर येतो आणि विमानतळावर तेथेच उघडून दाखवावा लागतो. यजमान रोज एकदा तो उघडून पाहतात.

ओकायामाच्या दोन रात्री घेतल्या आहेत, कोयासानच्याही. एकूण हिशेब सात लाखांच्या थोडा खाली बसतो आहे. औषधांच्या प्रमाणपत्राचा अर्ज पाठवला होता, त्यात एका गोळीची संख्या चुकली म्हणून तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला आहे.

मात्रा | २४ जानेवारी २०२६

संख्या चुकणे सर्वांत जास्त वेळा होते. प्रमाणपत्र आले की त्याच्या दोन छापील प्रती करा आणि एक औषधांच्या पिशवीतच ठेवा.

कृष्णाकाठ | १० मार्च २०२६

प्रमाणपत्र आले. दोन प्रती केल्या. इन्सुलिनची थंड पिशवी, साखरेच्या पुड्या यजमानांच्या खिशात, जपानी लिपीतला जेवणाचा कागद, तीन थरांचे कपडे, सगळे काढून ठेवले आहे. १ फेब्रुवारीपासून मी वहीत टोकियोचे कमाल तापमान रोज लिहून बेरीज करते आहे, आणि माझे जुने दोन विद्यार्थी ती वही पाहायला घरी येऊन गेले. यजमान रोज सकाळी कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या दोनदा चढून-उतरून सराव करतात. काल त्यांनी 'निकु तो साकाना वा ताबेमासेन' न अडखळता म्हणून दाखवले.

निशिकासाईताई, आपल्यासाठी घरची शेंगदाण्याची चटणी आणि कुरडया घेतल्या आहेत. आणखी काही हवे असल्यास २४ तारखेपर्यंत कळवावे.

निशिकासाई | १० मार्च २०२६

ताई, शक्य झाले तर वाटाणे भरडलेले मेतकूट थोडे आणा. माझी आई गेल्यापासून ते कोणी करून दिलेले नाही.